रंगाआधी ससा

मी मिनी रेक्स जातीचे ससे पाळते आणि त्यांच्यात रंगांची पैदास करते. लायलॅक, कास्टर, चिंचिला आणि लाल हे माझे मुख्य रंग. राहते अमेरिकेत, ओहायो राज्यात. लेक शाळेत असताना ४-एच क्लबात गेली आणि तिने प्रकल्पासाठी ससा निवडला. ४-एच ही चळवळ १९०२ साली याच ओहायोतल्या क्लार्क काउंटीत सुरू झाली. मुलांनी जनावर सांभाळायचं, त्याच्या नोंदी ठेवायच्या आणि काउंटी फेअरमध्ये ते जजपुढे उभं करायचं, अशी इथली पद्धत. लेक कॉलेजला गेली, ससे माझ्याकडे राहिले, आणि मी त्यांच्यात पुरती गुंतले.

रेक्स सशाची लव मखमली असते. इतर सशांच्या अंगावर वरचे राठ केस लांब असतात. रेक्समध्ये ते आखूड होऊन खालच्या मऊ लवेच्या पातळीला येतात. १९१९च्या सुमारास फ्रान्समधल्या एका खेड्यात अशी पिल्लं निपजली आणि तिथून हा वंश पसरला. त्याचा लहान अवतार टेक्सासमध्ये मोना बेरीहिल यांनी घडवला, आणि अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनने १९८८ साली मिनी रेक्सला मान्यता दिली. मादी जास्तीत जास्त साडेचार पौंडांची, नर सव्वाचार पौंडांचा. म्हणजे दोन किलोंच्या आसपासचं जनावर, आणि त्यात डझनाहून जास्त मान्य रंग.

रंगाची ओढ कोणालाही लागते. ती लागल्यावर काय सांभाळावं, ते या सशांनी आणि इथल्या जुन्या जाणत्या लोकांनी मला शिकवलं. ते बोल इथे मांडते.

१. दोन रंगांची बेरीज करू नका

निळी मादी आणि चॉकलेटी नर यांची जोडी लावली तर पिल्लं कोणत्या रंगाची होतील? दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी, असं बहुतेकांना वाटतं. दोन्ही ससे आपापल्या रंगाचे शुद्ध असले, तर पिल्लं होतात ती सगळी काळी. ना एक निळं, ना एक चॉकलेटी.

यामागचा हिशेब सरळ आहे. निळा ससा मुळात काळाच असतो, फक्त त्याचा रंग फिका करणारं अप्रभावी जनुक त्याला आई आणि बाप दोघांकडून मिळालेलं असतं. चॉकलेटी सशाचा रंग गडदच असतो, पण त्याच्यात काळ्याच्या जागी तपकिरी रंगद्रव्य तयार होतं. पिल्लाला निळ्या आईकडून काळ्याचं प्रभावी जनुक मिळतं आणि चॉकलेटी बापाकडून गडदपणाचं. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून पिल्लू काळं.

पण त्या काळ्या पिल्लाच्या पोटात निळाही आहे आणि चॉकलेटीही. अशा दोन सशांची पुढे जोडी लावली तर सरासरी १६ पिल्लांत ९ काळी, ३ निळी, ३ चॉकलेटी आणि १ लायलॅक निघतं. लायलॅक म्हणजे चॉकलेटी आणि निळा हे दोन्ही अप्रभावी गुण एकत्र आलेला ससा. कबुतरी करडा रंग आणि त्यावर गुलाबी झाक. सोळांत एक हे प्रमाण फार लांबचं वाटत असेल, तर तेच काळं पिल्लू एखाद्या लायलॅकला लावावं. मग सरासरी चार पिल्लांत एक लायलॅक मिळतं. या हिशेबावर मी माझा लायलॅकचा वंश उभा केला. त्याला पिढ्या लागतात, पण एकदा तो बसला की लायलॅकला लायलॅक लावल्यावर पिल्लं लायलॅकच होतात.

म्हणून एखाद्या वेतात सगळी काळी पिल्लं निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. ती कोणाची आहेत हे लिहून ठेवलेलं असेल, तर ती तुमची ठेव आहे.

२. पाच अक्षरं पाठ करा

सशाच्या रंगाचं शास्त्र अवघड आहे असं म्हणून अनेक जण अंदाजाने जोड्या लावतात. खरं तर पाच अक्षरं पाठ झाली की तीन चतुर्थांश काम होतं.

‘ए’ नक्षी ठरवतं. केसागणिक पट्टे असलेला वन्य रंग सगळ्यांत प्रभावी. त्याच्याखाली ऑटर, म्हणजे वर गडद आणि पोट पांढरं. सगळ्यांत अप्रभावी एकरंगी. ‘बी’ काळं की चॉकलेटी ते सांगतं. ‘सी’ रंग किती उतरेल ते ठरवतं, आणि त्याच्या पाच पायऱ्या आहेत. पूर्ण रंग, मग चिंचिला, मग सेबल, मग हिमालयन आणि तळाशी लाल डोळ्यांचा पांढरा. ‘डी’ गडद की फिका ते सांगतं. ‘ई’मुळे काळं रंगद्रव्य केसाच्या टोकापर्यंत पसरतं किंवा मागे सरून पिवळ्याला वाट करून देतं.

हे कळलं की कोडी आपोआप सुटतात. कास्टर म्हणजे वन्य नक्षीचा तपकिरी ससा. त्याच्यात काळं मागे सरलं की लाल ससा होतो. एकरंगी काळ्यात तेच घडलं की टॉर्ट होतो, म्हणजे अंग नारिंगी आणि नाक, कान, पाय, कुशी काळपट. कास्टर फिका झाला की ओपल. दोन कास्टरांच्या पोटी काळं पिल्लू येऊ शकतं, पण दोन एकरंगी काळ्यांच्या पोटी कास्टर येत नाही. तसं दिसलंच आणि तुमच्या सशांत वन्य नक्षी झाकू शकणारं स्टील नावाचं जनुक नसेल, तर बापाची नोंद चुकली आहे असं समजा.

बारावीच्या जीवशास्त्रात आपण पनेटचा चौकोन काढलेला असतो. बहुतेकांना तो परीक्षेपुरता आठवतो. केंब्रिजच्या ज्या रेजिनाल्ड पनेट यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्यांनी स्वतः ससे पाळून त्यांच्या रंगांच्या वारशावर काम केलं होतं. मराठी शाळेत शिकलेला हा चौकोन मी आजही प्रत्येक जोडी लावण्याआधी वहीत काढते. तो काढल्याशिवाय नर मादीजवळ जात नाही.

३. पांढऱ्याच्या आत काय आहे ते शोधा

महाराष्ट्रात ससा म्हटलं की पांढराशुभ्र आणि लाल डोळ्यांचा, हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. दुकानांत आणि शेतावर जे ससे दिसतात, त्यांत न्यूझीलंड व्हाइट जातीचा मोठा वाटा. नाव न्यूझीलंडचं असलं तरी ही जात अमेरिकेत तयार झाली. हा पांढरा खरं तर रंगच नाही. ‘सी’च्या तळाच्या पायरीवर रंगद्रव्य बनतच नाही, त्यामुळे बाकीची चारही अक्षरं असून नसल्यासारखी राहतात. तो ससा आतून कास्टर असेल, निळा असेल, ठिपकेवालाही असेल.

म्हणून रंगाच्या कळपात पांढरा ससा आणण्याआधी त्याची वंशावळ वाचा. वंशावळ नसेल तर चाचणीची जोडी लावा. एकरंगी चॉकलेटी किंवा लायलॅक सशाला लावून पहिलं वेत बघितलं की आतलं बरंच बाहेर येतं.

हीच रीत इतर शंकांनाही लागू पडते. समजा, एका काळ्या नराच्या आत चॉकलेटी दडलंय का हे कळायला हवंय. त्याला चॉकलेटी मादीला लावा. एक जरी पिल्लू चॉकलेटी निघालं तरी उत्तर मिळालं. लागोपाठ सात पिल्लं काळी निघाली, तर तो चॉकलेटी वाहत असताना असं घडण्याची शक्यता १२८त एक असते. मी त्या नराला शुद्ध धरते आणि पुढे जाते.

४. पिल्लं जन्मली त्याच दिवशी वही उघडा

मादी साधारण ३१ दिवसांनी विते. विण्याच्या पेटीत ती स्वतःच्या पोटावरची लव उपटून घरटं करते. तिला शांत होऊ द्यायचं, मग हात स्वच्छ करून पिल्लं मोजायची आणि त्याच वेळी कातडीचा रंग लिहायचा.

उघड्या कातडीवर बरंच दिसतं. काळं पिल्लू पहिल्या दिवसापासून काळपट असतं, निळं राखट. पांढरं आणि हिमालयन दोन्ही गुलाबी. चार-पाच दिवसांत लव फुटू लागली की कानांच्या आतली बाजू बघायची. वन्य रंगाच्या आणि ऑटर पिल्लांत ती फिकी असते, एकरंगीत बाहेरच्याच रंगाची. दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडले की पांढरं आणि रंगीत यांतला उरलेला गोंधळ मिटतो. निळा की लायलॅक असा संशय असेल तर मंद प्रकाशात डोळा तिरका धरावा. चॉकलेटी आणि लायलॅक सशांच्या बुबुळात माणकासारखी लाल झाक दिसते, निळ्यात दिसत नाही.

आठ आठवड्यांनंतर रंग ठरवायला बसलं तर पिल्लांची पहिली लव आणि दुसरी लव यांची सरमिसळ झालेली असते. जन्माच्या नोंदी असल्या की वाद उरत नाही.

५. फुंकर मारून बघायला शिका

एकरंगी ससा लांबून कळतो. कास्टर आणि चिंचिला हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत. जज ससा टेबलावर ठेवतो, पाठीवर हलकी फुंकर मारतो आणि लवेत जी वर्तुळं उमटतात ती वाचतो.

धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून पदर हलला की रंग बदलतो. कास्टरचं तसंच आहे, फक्त इथे एकाच केसावर तीन रंग असतात. मुळाशी गडद करडा-निळा, मध्ये तांबूस लाल आणि टोकाला काळपट तपकिरी. ससा बसलेला असताना दुरून महोगनी दिसतो आणि अंग हलवलं की आतली लाली चमकून जाते. मधला पट्टा रुंद आणि स्वच्छ असेल तर वर्तुळं ठसठशीत उमटतात. तो अरुंद असेल तर सगळा ससा मळकट दिसतो.

चिंचिलात हाच मधला पट्टा मोतिया होतो. ‘सी’ची दुसरी पायरी पिवळं रंगद्रव्य जवळजवळ पूर्ण पुसते आणि काळं ठेवते. हा रंग १९१३ साली फ्रान्समध्ये प्रदर्शनात आला तेव्हा फरच्या व्यापाऱ्यांनी तो उचलून धरला, कारण खऱ्या चिंचिला प्राण्याची फर फार महाग होती. चांगल्या चिंचिलात मोतिया पट्ट्यावर तपकिरी छटा अजिबात नसते. ती छटा असेल तर तो ससा माझ्या कळपात पैदाशीसाठी राहत नाही, डोकं आणि बांधा कितीही सुंदर असला तरी.

फुंकर दिवसाच्या उजेडात मारा, खिडकीजवळ. ट्यूबलाइटखाली कास्टर फिका आणि लायलॅक निळसर दिसतो.

६. लाल रंगासाठी धीर धरा

लाल ससा अक्षरांच्या हिशेबात सोपा वाटतो. वन्य नक्षी आणि काळं मागे सारणारं जनुक, बस. पण हिशेबाने मिळतो तो नारिंगी ससा. त्या नारिंगीचा गडद, पेटलेला लाल व्हायला रूफस नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक छोट्या गुणांचा साठा लागतो. त्यांना एक अक्षर नाही, चौकोनात ते मावत नाहीत. प्रत्येक पिढीतलं सगळ्यांत लाल पिल्लू ठेवायचं, दुसऱ्या लाल घराण्यातल्या सगळ्यांत लाल सशाला लावायचं, आणि हे सोडायचं नाही, एवढाच मार्ग.

या घराण्यात चिंचिला कधीही येऊ देऊ नका. चिंचिलाचं काम पिवळं पुसणं, लालचं काम पिवळं वाढवणं. ही दोन्ही उद्दिष्टं एका कळपात ठेवली तर दोन्ही बिघडतात. माझ्याकडे लाल आणि चिंचिला यांच्या पिंजऱ्यांच्या रांगा वेगळ्या आहेत आणि वह्याही.

७. हिमालयन सशाचा रंग हवामान ठरवतं

हिमालयन रंगाचा ससा पांढरा असतो आणि नाक, कान, पाय, शेपूट एवढेच भाग गडद असतात. यामागे रंगद्रव्य बनवणारं एक विकर आहे. ते शरीराच्या उबेत काम करत नाही, थंड भागांतच करतं. सयामी मांजरांतही हेच घडतं.

त्यामुळे ओहायोच्या जानेवारीत घरटं थंड पडलं तर पिल्लांच्या अंगावर राखट डाग उमटतात. पहिली लव झडली की ते जातात, तेव्हा असं पिल्लू घाईने काढून टाकू नका. उलट जुलैच्या दमट उन्हाळ्यात नाकाकानांचा काळा उतरतो. हिमालयनची पारख थंडीत करावी, खरेदीही थंडीत करावी.

८. ठिपकेवाल्याला ठिपकेवाला लावू नका

पांढऱ्यावर रंगीत ठिगळं असलेल्या सशाला इथे ब्रोकन म्हणतात. लहान मुलांना हा सगळ्यांत आवडतो, विकलाही लवकर जातो. म्हणून दोन ब्रोकन एकमेकांना लावण्याचा मोह होतो.

त्या जोडीत सरासरी निम्मी पिल्लं ब्रोकन, चौथाई पूर्ण रंगीत आणि चौथाई ‘चार्ली’ होतात. चार्लीला ठिपक्यांचं जनुक दोन्हीकडून मिळालेलं असतं. अंगावर जेमतेम रंग, नाकाखाली मिशीसारखी रेघ. शोमध्ये ब्रोकन सशाला निदान दहा टक्के रंग लागतो, तिथे हा बाद होतो. हे तर गौण आहे. त्याचं आतडं अनेकदा नीट चालत नाही हे खरं दुखणं. मोठं आतडं फुगतं, लेंड्या वेड्यावाकड्या होतात, पोट वारंवार बंद पडतं. चेकर्ड जायंट जातीवरच्या संशोधनात हा त्रास आणि हे ठिपके दोन्ही ‘किट’ या एकाच जनुकाशी जोडले गेले आहेत.

सगळे चार्ली आजारी पडत नाहीत. पण जे पडतात त्यांचे हाल बघवत नाहीत. ब्रोकनला पूर्ण रंगीत ससा लावला की निम्मी पिल्लं ब्रोकन मिळतातच, आणि चार्ली एकही होत नाही. तेवढंच यश मिळत असताना पिल्लांना धोक्यात घालायचं कारण काय? माझ्या मते ब्रोकनला ब्रोकन लावणं पैदासकाराने आपणहून बंद करावं.

९. रंगाला गुण थोडे, सशाला जास्त

असोसिएशन दर पाच वर्षांनी ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’ या पुस्तकाची नवी आवृत्ती काढते. प्रत्येक जातीत कशाला किती गुण ते त्यात असतं. मिनी रेक्समध्ये बांधा आणि लव यांना रंगापेक्षा खूप जास्त वजन आहे, आणि ते योग्यच आहे. खांदे ते पुठ्ठा एकसंध गोलाई हवी, हाडं आखूड आणि भरीव हवीत. लव दीड सेंटिमीटरच्या आसपास, उभी आणि दाट हवी. हात उलटा फिरवला तर ती उसळून परत उभी राहिली पाहिजे.

इथल्या एका जुन्या शेतकऱ्याने मला सांगितलं होतं, “आधी पिंजरा बांध, मग रंग लाव. जुना पिंजरा रंगवून नवा होत नाही.” त्यांच्याकडे लायलॅक नव्हते, पण त्यांचे काळे ससे टेबलावर ठेवले की जजचा हात तिथे रेंगाळायचा. त्यांच्या घराण्यातली एक काळी मादी मी माझ्या लायलॅकमध्ये आणली. पुढच्या दोन पिढ्यांत लायलॅकांना खांदे आले.

काही दोषांना रंगाचं कौतुक माफ करू शकत नाही. दात एकमेकांवर नीट न बसणं हा दोष वारशाने उतरतो. असा ससा पैदाशीत ठेवायचा नाही. रेक्सच्या तळपायांवरची लव आखूड असल्याने जाळीच्या तळावर पाय सोलवटतात. तळवे चांगले भरलेले ससेच पुढे न्यावेत आणि प्रत्येक पिंजऱ्यात बसायला सपाट फळी द्यावी. आणखी एक साधी गोष्ट म्हणजे नखं. पूर्ण रंगीत सशाचं एक जरी नख पांढरं असलं तरी तो शोमध्ये बाद ठरतो. विकत घेण्याआधी सगळी नखं बघा.

१०. ऊन, लव झडणं आणि खाणं

काळ्या आणि चॉकलेटी सशांना थेट ऊन लागलं की लवेवर तांबूस छटा येते. निळ्यांतही ती येते. माझे पिंजरे छपराखाली उत्तरेकडे तोंड करून आहेत. लव झडत असताना जुने आणि नवे केस शेजारी शेजारी असतात, अंगावर पट्टे उमटतात. त्या काळात शोची फी भरू नका, आणि त्या सशाला नापासही करू नका.

गवत भरपूर, दाणा मोजून आणि पाणी ताजं, एवढ्यावर लव चमकते. शोच्या आधी सूर्यफुलाच्या बिया चारायची पद्धत आहे. थोड्या दिल्या तर चालतात, जास्त दिल्या तर ससा लठ्ठ होतो. तीस अंशांच्या वर तापमान गेलं की सशाला उष्माघाताचा धोका असतो. नरांची प्रजननशक्तीही काही आठवड्यांसाठी मंदावते. पिंजऱ्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवते आणि त्या दिवसांत जोड्या लावत नाही.

लस हाही आता रोजच्या व्यवस्थेचा भाग झाला आहे. २०२० साली सशांच्या रक्तस्रावी रोगाचा, म्हणजे आरएचडीचा, दुसरा प्रकार अमेरिकेच्या नैर्ऋत्य राज्यांत पसरला. रानातले ससेही मेले आणि कित्येक शो रद्द झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेत तयार झालेल्या लशीला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. शोला जाणारा प्रत्येक ससा इतरांच्या सशांजवळ बसतो, त्यामुळे लस टोचणं ही आपली शेजारधर्माची जबाबदारी आहे.

११. केस उपटू नका, वंशावळ सजवू नका

काळ्या सशात विखुरलेले पांढरे केस हा सगळ्यांत चिवट दोष. चिमट्याने ते उपटता येतात, रंगही लावता येतो. नियमांनुसार हे फसवणुकीत मोडतं आणि ससा बाद होतो. त्याहून मोठं नुकसान पुढच्या पिढीचं होतं. शोमध्ये जिंकलेल्या नराला दहा लोक आपल्या माद्या लावतात. त्याचे पांढरे केस उपटलेले असतील, तर तो दोष दहा कळपांत नकळत जातो.

वंशावळीचंही तेच. इथे पैदासकार आपला क्रमांक सशाच्या डाव्या कानात गोंदतो. नोंदणी करायची असेल तर तीन पिढ्यांची वंशावळ लागते, परवानाधारक तपासनीस ससा तपासतो आणि उजव्या कानात नोंदणीची खूण गोंदतो. या कागदावर फक्त रंग लिहून थांबू नये. आजी ब्रोकन होती का, आजोबांच्या वेतात पांढरं निघालं होतं का, कोणाच्या पिल्लांत दातांचा दोष दिसला, हे मी वेगळ्या पानावर लिहून घेणाऱ्याच्या हातात देते. काही गिऱ्हाइकं ते वाचून परत जातात. जी थांबतात, ती वर्षानुवर्षं परत येतात.

१२. घरं आहेत तेवढीच पिल्लं

रंगाच्या मागे लागलं की वेतांची संख्या वाढते. सोळांत एक हवं म्हटलं की उरलेली पंधरा कोण घेणार? इथे अनेक जण ती मांसासाठी विकतात, आणि ते उघडपणे, कायद्याने करतात. माझा कल वेगळा आहे. मी पिल्लांना ४-एचच्या मुलांकडे आणि घरात ससा पाळणाऱ्यांकडे पाठवते. म्हणून माझ्याकडे वर्षभरात मोजकीच वेतं होतात, आणि सोळांत एकऐवजी चारांत एक मिळेल अशीच जोडी मी शोधते. रंगाचं शास्त्र नीट शिकण्याचा मला वाटणारा सगळ्यांत मोठा उपयोग हाच आहे. हिशेब पक्का असला की कमी पिल्लांत काम भागतं.

आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडून देत नाही. नेणाऱ्याला गवत कुठून आणायचं, नखं कशी कापायची आणि ससा आठ-दहा वर्षं जगू शकतो, हे समोर बसवून सांगते. कोणालाही ससा ठेवणं जमेनासं झालं, तर तो माझ्याकडे परत येऊ शकतो. हा शब्द मी प्रत्येक विक्रीच्या कागदावर लिहून देते.

पुण्या-मुंबईत दुकानदार ससे अनेकदा जोडीने विकतात. ‘एकटा राहत नाही’ म्हणतात, आणि नर-मादी कोण ते कोणी बघत नाही. मादी व्याल्यावर एका दिवसातही पुन्हा गाभण राहू शकते, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. दोन-तीन महिन्यांत घरात डझनभर ससे होतात आणि मग ते कुठेतरी सोडले जातात. पाळलेला ससा रानात टिकत नाही. तेव्हा घरी सशांची जोडी आणायची असेल तर आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून दोघांचं लिंग तपासून घ्या, आणि नर-मादी असतील तर नराची नसबंदी करून घ्या.

आणि ज्यांना खरोखर पैदास करायची आहे, त्यांना एवढंच सांगते. एकच रंग निवडा. तीन पिढ्यांची वही लिहा. सगळ्यांत सुंदर पिल्लाआधी सगळ्यांत साध्या पिल्लाचं घर पक्कं करा. एवढं जमत असेल तर ससे जरूर पाळा.